अक्षयाचे एकवीस गुण

किशोरीने बेरीज तिसऱ्यांदा केली, तरी उत्तर तेच आलं. शंभरापैकी एकवीस.

तोंडवलीच्या किनाऱ्याला लागून सत्यवानचं कौलारू घर. त्याच्या पडवीत ती बसली होती. समोर सत्यवानची मुलगी अक्षया जाळं सांधत होती. एकोणीस वर्षांची पोर, हाडापेराने मजबूत, काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं. किशोरीचं पेन थांबलेलं पाहून तिची सुईही थांबली.

"किती झाले, ताई?"

किशोरीला खोटं बोलता येईना. "एकवीस."

"आणि व्हये होते किती?"

"चाळीस."

अक्षयाने सुई पुन्हा जाळ्यात घातली. म्हणाली, "म्हणजे नापास." आणि हसली. पण ते हसू ओठांच्या पलीकडे गेलं नाही.

किशोरी मूळची कसालची, काजू-आंब्याच्या घरातली. कुडाळच्या एका संस्थेत नोकरीला लागून तिला दोन वर्षं झाली होती, आणि तिचं काम ऐकून तिची आई अजून तोंडाला पदर लावत असे. भाताला माप असतं, तेलाला माप असतं, पण ही किशोरी गावोगाव फिरून पोरांची मनं मोजत होती. २०२१च्या वैशाखात तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा शाळेत असलेली ही मुलं. त्या तडाख्यातून त्यांची मनं किती सावरली, पुन्हा तशी वेळ आली तर किती तग धरतील, हे पाहायचा एक कागद होता. त्यावर पंचवीस वाक्यं. प्रत्येक वाक्याला 'अजिबात नाही'पासून 'पूर्णपणे खरं'पर्यंत पाच उत्तरं, शून्य ते चार गुण.

सुरुवातीला किशोरीलाही हे थट्टेचंच वाटलं होतं. पण मागल्या वर्षी देवबागेतला एक हसरा, बडबड्या मुलगा याच कागदाने पकडून दिला. वारा सुटला की तो चार-चार दिवस जेवत नव्हता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आता तो बरा होता. तेव्हापासून कागदावर तिची श्रद्धा बसली होती.

यंदा त्या कागदावर आणखी एक गोष्ट अवलंबून होती. किनाऱ्यावर संस्थेचं एक मदतपथक उभं राहणार होतं. वादळ पाहिलेली दहा मुलंमुली निवडायची, त्यांना पोहणं, प्रथमोपचार, वायरलेस शिकवायचं आणि बारा महिने पगारावर ठेवायचं. अट एकच, कागदावर किमान चाळीस गुण. त्याखालच्यांना आधी समुपदेशन. अट वाईट मनाने घातलेली नव्हती. दुखावलेलं मन पुन्हा वादळाच्या तोंडी देऊ नये, एवढाच हेतू.

अक्षया या पथकासाठी वर्षभर डोळे लावून होती. बारावीनंतर ती कट्ट्याजवळ काजूच्या कारखान्यात सोलायला जात होती. हंगाम संपला की काम संपत असे. आता घरात ठरलं होतं की दिवाळीपर्यंत इथे काही जमलं नाही, तर ती म्हापशाला आतेकडे जाणार, हॉटेलात कामाला. तिला जायचं नव्हतं. "दर्यो दिसल्याशिवाय माका जेवण जायत नाय," असं ती म्हणायची. यादी शनिवारी जाणार होती आणि आज होता गुरुवार.

आणि या अक्षयाला एकवीस! गावात ज्याला विचारावं तो म्हणत होता, "वादळाचा इचारूचा आसात तर अक्षयाक इचारा." म्हणून तर किशोरी तिला शेवटी राखून आली होती, गोड घास शेवटी ठेवावा तशी.

उत्तरं मात्र अशी.

"'मी सहजासहजी घाबरत नाही.'"

"घाबरतंय मा! बेसपैकी घाबरतंय. वारो सुटलो की पोटात गोळो येता."

"'माझं भविष्य माझ्या हातात आहे.'"

"तुमचा आसा?"

"माझं नाही, तुझं विचारतायत."

"मगे अजिबात नाही."

"'कितीही मोठं संकट आलं, तरी मी त्याला तोंड देऊ शकते.'"

इथे अक्षयाने माडांच्या फटीतून समुद्राकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "नाय, नाय. ताई, 'अजिबात नाही' ता लिवा. मोठ्यान वाचू नकात."

पूर्ण गुण पडले ते पाचच वाक्यांना. अडचणीत लोक माझ्याकडे येतात. मला हाक मारायला माणसं आहेत. माझी देवावर श्रद्धा आहे. असली वाक्यं. आणखी एका वाक्याला एक गुण, तोही किशोरीने आग्रह केला म्हणून.

निघताना रस्त्यावर विनीत भेटला. कट्ट्याला मोबाइलच्या दुकानात असतो. त्याचा कागद कालच भरला होता, ब्याण्णव. "ताई, माजा नाव पक्का मा? मी सगळ्याक पूर्णपणे खरं सांगलंय!" मुलगा गोड होता, पोहायलाही पटाईत. पण मागून त्याची आई ओरडली, "वादळात माज्या पदराखाली होतंस, ता सांगलंस काय तेंका?" विनीत कानापर्यंत लाल झाला.

संध्याकाळी किशोरीने साहेबांना फोन लावला. दत्तप्रसाद सर कुडाळच्या कार्यालयाचे प्रमुख, शांत माणूस, कुणावर आवाज न चढवणारा.

"सर, एका मुलीचे गुण मला चुकीचे वाटतात."

"बेरीज चुकली?"

"नाही."

"वाक्यं समजली नाहीत?"

"समजली."

"मग वाटण्यावर कसं चालेल, किशोरी? आकडा कमी आला म्हणजे मुलगी वाईट असं नाही. तिला मदतीची गरज आहे, एवढंच."

बोलणं बिनचूक होतं. तेच किशोरीला टोचत राहिलं.

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा तोंडवलीत. कागद परत भरून घेऊ, मुलगी बुजली असेल, असं मनाशी धरून. घराला कडी. सगळे किनाऱ्यावर होते. पावसाळ्यानंतरची पहिली रापण लागायची होती.

रापण म्हणजे साऱ्या वाडीची मासेमारी. होडी लांबलचक जाळं समुद्रात अर्धवर्तुळ टाकत जाते आणि जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन्ही दोरांना वाडीतले लहानथोर लागतात आणि ओढत बसतात, दोन-दोन तास. जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो, मग तो म्हातारा असो की शाळेतलं पोर.

अक्षया दोराच्या पुढच्या टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात. किशोरीने वाळूतूनच हाक मारली. "अक्षया, कागद परत भरूया? कालचा फाडून टाकते."

अक्षया पाण्यातून बाहेर आली. केसांतून पाणी निथळत होतं. "काल एक सांगलंय, आज दुसरा सांगतलंय, तर माज्या सांगण्याक काय अर्थ रवलो, ताई? जावंदे. म्हापशाक दर्यो आसा की. लांब आसा, पण आसा."

हे म्हणताना तिने किशोरीकडे पाहिलं नाही. ती परत पाण्यात शिरली. तेवढ्यात कुणीतरी किशोरीच्या हातात दोर दिला. "नुसत्या उभ्या कित्याक? लागा दोरयेक!"

ओढायला सुरुवात होण्याआधी सगळे थांबले. अक्षयाचे आजोबा दाजी पुढे आले. पंचाहत्तरी ओलांडलेली, एक पाय जरासा आखडता. हातात नारळ. त्यांनी समुद्राकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" साठ-सत्तर माणसांनी एका आवाजात साद दिली.

"आमच्या अंगात बळ नाय रे म्हाराजा, आमका अक्कल नाय. दर्याचो ठाव आमका लागाचो नाय."

"होय म्हाराजा!"

"हात आमचे, ओढणारो तू."

"होय म्हाराजा!"

"काय चुकला माकला तर पदरात घे आणि ह्या लेकरांची राखण कर!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत खणखणीत आवाज पाण्यातून येत होता, अक्षयाचा. आमच्यात बळ नाही, होय महाराजा. आम्हाला अक्कल नाही, होय महाराजा. आणि दाजींच्या हातातला नारळ पाण्यात पडताच त्याच माणसांनी दोराला असा हिसका दिला की किशोरी दोन पावलं फरफटत गेली.

कालची ती पडवी तिला आठवली. समुद्राकडे टाकलेली नजर. मोठ्याने वाचू नका. देवा, आपण या मुलीकडून काय वदवून घेत होतो! ज्या घरात जन्मल्यापासून दर्यासमोर "मला जमतं" हा शब्द कुणी काढला नाही, त्या घराच्या पडवीत, दर्याच्या ऐकण्यात, आपण तिला म्हणत होतो, म्हण, मला जमतं. पंचवीस वेळा म्हण.

किशोरीच्या पुढे दोराला रहमतबी होती. माडाच्या बागेपलीकडे तिचं घर, मुलगा दुबईला, नातवंडं तिच्याजवळ. ओढता ओढता किशोरीने तिला विचारलं, "रहमतबी, उद्या बाजाराक जातलास?"

"जातलंय की. इन्शाअल्ला."

"नुसता 'जातलंय' असा नाय म्हणूचा?"

रहमतबीने वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला ताप आहे. "उद्याचा मी कोण ठरवणारी, बाय? तसा बोलणा बरा दिसता काय?"

किशोरीचा श्वास लागला होता, पण आता तिला राहवेना. "वादळात अक्षयान काय केल्यान? तुमका म्हायत आसा?"

"आता इचारतंस?" रहमतबी म्हणाली. आणि दोर ओढता ओढता, एकाने सोडलं की दुसऱ्याने उचलावं, तशी ती गोष्ट किशोरीपर्यंत आली.

रविवारची सकाळ होती. बाप्ये आणि बायका झाडून किनाऱ्यावर, होड्या वर ओढायला. घरात पंधरा वर्षांची अक्षया आणि पायाला प्लास्टर घातलेले दाजी. नऊच्या सुमाराला रहमतबीच्या घराचे पत्रे उडाले. ती दोन्ही नातवंडांना काखेत मारून अक्षयाच्या घरी पळत आली. मुनीब तीन वर्षांचा, अलिना सहाची. तोवर तिथलीही कौलं सुटायला लागली होती.

"हिणा काय केल्यान," दाजी वाळूत बसून सांगत होते, "माझी खाट माझ्यासकट ओढत नेऊन चिऱ्याच्या भिंतीक लावल्यान. पोरांक आणि रहमतबीक खाटेखाली घातल्यान. आणि माळ्यावरसून रापणीचा जुना जाळा खाली ओढल्यान. चार बाप्ये लागतत तेका! तेच्यो घड्यो घालून माझ्यार पसरल्यान. कौला पडत होती ती जाळ्यात. माज्या अंगार एक खरचटो नाय."

"आणि ती?"

"ती दारात." रहमतबीचा आवाज उतरला. "दाराचो अडसर मोडलो. दार उघडला असता तर वारो आत शिरान सगळा छप्पार उचलल्यान असता. तर ही दाराक पाठ लावन खाली बसली आणि पाय जात्याक रोवल्यान. नवापासून एक वाजेपर्यंत. अल्ला साक्ष आसा, उठली नाय."

किशोरीच्या हातातला दोर सैल झाला. मागच्याने ओरडून तो घट्ट करवला.

"पोरां रडाक लागली. तर तेंका सांगता, नारळ मोजा. धप्प झाला की एक. ती दोगां खाटेखाली मोजतत."

"सत्तेचाळीस!" कुणीतरी मोठ्याने म्हणालं. दाजींच्या शेजारी वाळूत खेळणारी अलिना होती ती, आता दहा वर्षांची.

"ती मोजत होती," दाजी म्हणाले, "आणि माका वर पडल्या पडल्या वाटत होता, मेल्यांनो, माजेच नारळ ते!"

साऱ्या दोरावर हसू पसरलं. ते ओसरल्यावर किशोरीने अलिनाला विचारलं, "तुका भ्या नाय वाटला? अक्षया म्हणत असतली, काय होवचा नाय म्हणान."

अलिनाने मान जोरात हलवली. "तसा नाय म्हणाली ती. मी इचारलंय, आपण मरतलाव? ती म्हणाली, माका म्हायत नाय. मी हंय आसंय."

मी इथे आहे, एवढंच. "आणि मगे?" किशोरीने विचारलं.

"मगे मी मोजूक लागलंय."

वादळ ओसरल्यावर सत्यवान आणि त्याची बायको धावत घरी आली, तर दार उघडेना. मुलीचे गुडघे आखडून गेले होते, तिला उठताच येत नव्हतं. सत्यवान मागच्या खिडकीतून आत उतरला. त्याला पाहून ती एवढंच म्हणाली, "होडी गावली?" होडी गावली नव्हती. तिच्या पाठीवर दाराच्या कडीचा वळ उठला होता, तो अजून आहे. पुढे तीन आठवडे वीज नव्हती. तेव्हा साऱ्या वाडीचे मोबाइल पिशवीत घालून ती कट्ट्याला जनरेटरवर चार्ज करून आणत असे, चालत. मुंबईच्या, दुबईच्या माणसांना आपली माणसं जिवंत असल्याचं कळलं ते त्या पिशवीतून.

"तिका कोण काय बोलला की ती एकच सांगता," दाजी म्हणाले. "देवान करून घेतल्यान."

जाळं काठाला लागलं. चांदीसारखी तारली मासळी उसळत होती. वाटे पडायला लागले, पण किशोरी आपला वाटा न घेताच माडाखाली जाऊन बसली होती, मांडीवर फाइल उघडून. वादळाआधीपासून रापणीच्या दोराला लागणारी घरं कुठली, हे तिने दाजींना विचारून घेतलं आणि तोंडवलीचे सगळे कागद दोन ढिगांत लावले. रापणीच्या घरांतली मुलं अकरा. अकराही चाळीसच्या खाली. बाजारात, दुकानात वाढलेल्या मुलांत चाळीसच्या खाली एकही नाही.

तिने दोन्ही ढीग वेगवेगळे फाइलीत घातले आणि ती उठली.

दुपारच्या एसटीने ती कट्ट्याला आली, तिथून दुसरी गाडी धरून थेट कुडाळ. सर निघायच्या बेतात होते. ती घामेजलेली, पायाला वाळू, हाताला दोराचे फोड. तिने दोन्ही ढीग टेबलावर ठेवले आणि सांगितलं, सारं, नारळांसकट.

सरांनी दोन्ही ढीग चाळले.

"म्हणजे तुमचं म्हणणं, ही अकरा मुलं खोटं बोलली?"

"नाही सर. मनापासून खरं बोलली. तुला जमतं का, असं आपण विचारलं. जमवणारे आम्ही नव्हे, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या वाडीत समुद्रासमोर 'मला जमतं' म्हणणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारण्यासारखं आहे. मीही इथलीच, पण वरच्या गावातली. मला कळलं नाही."

"पण या अकरांत एखादा खरोखरच दुखावलेला असला तर?"

हा विचार किशोरीने केला नव्हता. "असू शकेल," ती म्हणाली. "म्हणून तर नुसते गुण वाढवून देऊ नका म्हणते. परत विचारूया. तू काय करू शकतेस, असं नको. त्या दिवशी काय केलंस, ते विचारू. आणि जे त्यांच्यासोबत त्या खोलीत होते, त्यांना समोर बसवून."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग यादीचा लिफाफा खणात टाकला. "शनिवारची यादी सोमवारी गेली तर आभाळ कोसळत नाही. उद्या मी येतो."

ते आले. दाजींच्या पडवीत दिवसभर बसले. अकराजण एकेक करून आले, सोबत त्यांची त्या दिवसाची माणसं. किशोरी लिहीत होती. एका मुलाला वादळाचं बोलताना हुंदका आवरेना. सरांनी फाइल मिटली, त्याला पाणी दिलं आणि त्याचा कागद समुपदेशनाच्या ढिगात ठेवला. बाकी दहा मुलांचे आकडे वर गेले, कुणाचे थोडे, कुणाचे फार.

अक्षया सगळ्यांत शेवटी आली. तिने काहीच सांगितलं नाही, अलिनानेच सांगितलं. सत्तेचाळीस हा आकडा सरांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिला. उठताना त्यांनी त्या मुलीला हात जोडले. अक्षया एवढी गोंधळली की तिने घाईघाईने त्यांना सरबताचा पेला पुढे केला, तोही रिकामा.

यादीत तिचं नाव चौथं आलं. विनीतचंही आलं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी पथक किनाऱ्यावर उभं राहिलं, पिवळे सदरे, गळ्यात शिट्ट्या. सारी वाडी जमली होती. दत्तप्रसाद सर रांगेसमोरून गेले आणि कौतुकाच्या भरात म्हणाले, "काय रे मुलांनो, आता या किनाऱ्यावर कुणी बुडणार नाही ना?"

"अजिबात नाय, सर!" विनीतने छाती फुगवली. मागून त्याच्या आईने कपाळाला हात लावला.

सगळे अक्षयाकडे पाहायला लागले. तिने समुद्राकडे पाहिलं, वाकून ओल्या वाळूला बोटं लावली, ती कपाळाला टेकवली.

"मी हंय आसंय," ती म्हणाली.

लाट आली, तिचे पाय भिजवून मागे गेली. गर्दीत कुणीतरी हळूच "होय म्हाराजा" म्हणालं. रहमतबीने वळून पाहिलं तेव्हा किशोरीच्या लक्षात आलं, तो आवाज आपलाच होता.